आमचे शंभर टक्के

दहावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील शाळांच्या फाटकांवर फलक झळकू लागतात. ‘शाळेचा निकाल शंभर टक्के’ ही अक्षरे त्यावर सर्वांत ठळक असतात. रविवारच्या मिस्सानंतर धर्मगुरू मुख्याध्यापकांचे व शिक्षकांचे जाहीर अभिनंदन करतात, लोक टाळ्या वाजवतात, पेढे वाटले जातात. त्या टाळ्यांत माझ्याही टाळ्या कित्येक वर्षे मिसळलेल्या आहेत. अशाच एका शाळेत मी एकतीस वर्षे शिकवले आणि त्यांतील बरीच वर्षे नववीचा वर्गशिक्षक होतो. त्यामुळे हे शंभर टक्के कसे घडतात ते मला ठाऊक आहे. त्यांची घडण नववीतच होते.

एका मुलाची गोष्ट सांगतो. तो पाण्याच्या पंपाची मोटर उघडून पुन्हा जोडू शकत असे. परंतु पाठ्यपुस्तकातील एक परिच्छेद वाचायला त्याला अर्धा तास लागे. अक्षरांची अदलाबदल होई, ओळ सुटे, घाम फुटे. आम्ही सर्व शिक्षकांनी मिळून त्याला आळशी ठरवले. नववीच्या अखेरीस मी त्याच्या वडिलांना बोलावून घेतले. वाडीतले काम टाकून ते तसेच आले होते. मी म्हणालो, “इथं त्याचं वर्ष वाया जाईल. दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून त्याला बाहेरून बसवा.” ते म्हणाले, “सर, तुम्ही म्हणाल तसं. तुम्ही आमच्या वाईटाचं थोडंच सांगणार?” माझ्या शिफारशीवरून दाखला निघाला. पुढच्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. त्या मुलाने सतरा नंबरचा फॉर्म कधीच भरला नाही.

शुभवर्तमानातील मेंढपाळाजवळही शंभरच मेंढरे होती. एक हरवले तेव्हा नव्याण्णव सुरक्षित असूनही त्याला आपला कळप पुरा वाटला नाही, आणि तो रानात शोधायला निघाला. आमचे गणित याच्या नेमके उलटे आहे. आम्ही एकाला फाटकाबाहेर काढतो, उरलेल्यांची मोजणी करतो आणि ती शंभर टक्के भरली असे फलकावर लिहितो. हे गणित ख्रिस्ती शाळेला शोभत नाही, एवढे सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे.

निवृत्तीनंतर, आपल्या हातून काय राहून गेले हे समजून घ्यावे म्हणून मी विशेष शिक्षणाविषयी मिळेल ते वाचू लागलो. त्या वाचनात अमेरिकेतील ल्यूथरपंथीय शाळांची हकीकत समोर आली. तिने मला अस्वस्थ केले. कारण ती फार श्रीमंत वा फार विद्वान लोकांची हकीकत नव्हती. ती आपल्यासारख्याच, चर्चच्या शेजारी शाळा बांधणाऱ्या माणसांची होती.

ल्यूथरन परंपरेत शाळेला आरंभापासून मोठे स्थान आहे. मार्टिन ल्यूथर याने १५२४ साली जर्मन नगरांच्या कारभाऱ्यांना उद्देशून पत्र लिहिले आणि ख्रिस्ती शाळा स्थापन करून त्या चालवण्याचा आग्रह धरला. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत जाऊन वसलेल्या जर्मन ल्यूथरन कुटुंबांनी ही शिकवण आपल्याबरोबर नेली. त्यांच्यातील काही मंडळ्यांनी १८४७ साली शिकागो येथे एकत्र येऊन जी संघटना उभारली, ती आज ‘ल्यूथरन चर्च-मिसुरी सिनड’ या नावाने ओळखली जाते. तिच्याशी संबंधित बालवाड्या, प्राथमिक व माध्यमिक शाळा मिळून हजाराहून अधिक आहेत. त्यांतील पुष्कळ शाळा लहान आहेत. काही ठिकाणी एकाच शिक्षकाकडे दोन-दोन इयत्ता असतात. शाळेचा खर्च मंडळीच्या दानातून आणि पालकांच्या शुल्कातून भागतो. आपल्या धर्मग्रामाचे चित्र याहून फार निराळे नाही.

अपंग मुलांसाठी या लोकांनी जे पहिले काम केले तेही आपल्यासारखेच होते, म्हणजे वेगळ्या संस्थेचे. १८७३ साली डेट्रॉइट परिसरात त्यांनी कर्णबधिर मुलांसाठी संस्था सुरू केली. १९०४ साली विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाउन येथे बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी ‘बेथेस्डा’ हे निवासगृह उभे राहिले. ही कामे थोर होती यात शंका नाही. ज्या काळात अशा मुलांना घराच्या मागच्या खोलीत दडवले जाई, त्या काळात कुणीतरी त्यांच्यासाठी भिंती बांधल्या, पलंग मांडले, पाट्या-पेन्सिली आणल्या. परंतु त्या भिंती मंडळीच्या नेहमीच्या शाळेपासून दूर होत्या. भाऊ-बहीण गावातल्या ल्यूथरन शाळेत, आणि तिसरे मूल दूरच्या संस्थेत, अशी घराची वाटणी होई.

इथवर त्यांची आणि आपली वाट एकच आहे. पुढे मात्र त्यांच्यातील काहींनी वळण घेतले. १९५० च्या दशकात सेंट लुइस आणि मिलवॉकी या शहरांतील ल्यूथरन लोकांनी विशेष शिक्षणासाठी स्वतंत्र प्रयत्न सुरू केले. डेट्रॉइटच्या त्या जुन्या संस्थेनेही कालांतराने आपल्या कामाचे स्वरूप बदलले. कर्णबधिरांच्या शाळेपुरते न राहता ती ‘ल्यूथरन स्पेशल एज्युकेशन मिनिस्ट्रीज’ या नावाने नेहमीच्या ल्यूथरन शाळांत प्रशिक्षित विशेष शिक्षक पाठवू लागली. आधी मूल संस्थेकडे जात असे, आता शिक्षक मुलाच्या शाळेत येऊ लागला. सगळा बदल एवढ्या एका वाक्यात मावतो, आणि माझ्या मते तो फार मोठा आहे.

हे काम चालते कसे, तेही सांगितले पाहिजे; कारण आपल्याकडे ‘विशेष शिक्षण’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे मोठी इमारत आणि परदेशी यंत्रे येतात. शाळेत एक खोली काढून ठेवलेली असते. तिला आपल्याकडे संसाधन कक्ष म्हणतात. ज्या मुलाला वाचनात, लेखनात, गणितात किंवा लक्ष एकाग्र करण्यात अडचण आहे, ते दिवसातला काही वेळ, एखाद-दोन तासिका, त्या खोलीत विशेष शिक्षकापाशी बसते. उरलेला सारा दिवस ते आपल्या वर्गात, आपल्या सोबत्यांबरोबर असते. प्रार्थनेला त्यांच्याबरोबर, डबा खायला त्यांच्याबरोबर, मैदानावरही त्यांच्याबरोबर. विशेष शिक्षक त्या मुलापुरती लेखी योजना करतो: आज हे मूल कुठे आहे, वर्षअखेर कुठे पोहोचावे, वर्गशिक्षकाने काय करावे, घरी आईवडिलांनी काय करावे. शाळा त्या सेवेसाठी ठरावीक रक्कम देते, आणि उरलेला भार देणग्यांतून उचलला जातो. जिथे एका शाळेला पूर्णवेळ शिक्षक परवडत नाही, तिथे दोन-तीन शाळांत मिळून एक शिक्षक, हा मार्ग मोकळा राहतो.

या पद्धतीत एक भेद फार महत्त्वाचा मानला जातो. काही मुलांना अभ्यासक्रम तोच, पण वाट वेगळी लागते: उतारा कुणी वाचून दाखवावा, उत्तर तोंडी घ्यावे, लेखनिक द्यावा, जादा वेळ द्यावा, अक्षरे मोठी छापावीत. दुसऱ्या काही मुलांसाठी अभ्यासक्रमच कमी किंवा वेगळा करावा लागतो. पहिल्या प्रकारच्या मुलाला दुसऱ्या प्रकारात ढकलणे हा अन्याय आहे. आणि दोघांनाही फाटकाबाहेर ढकलणे हे पाप आहे. माझा तो पंप दुरुस्त करणारा विद्यार्थी पहिल्या प्रकारातला होता, असे आज मला वाटते. महाराष्ट्रात अध्ययन-अक्षमता असलेल्या मुलांना दहावीच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी तपासणी होते. सवलतीचे परिपत्रक शाळेत आले होते, आणि माझी त्यावर सहीही होती. सही करणे आणि वाचणे यांत फरक असतो.

आता कुणी म्हणेल की अमेरिकेत कायदाच तसा आहे, त्यामुळे त्या शाळांना हे करावेच लागते. वस्तुस्थिती तशी नाही. १९७५ साली अमेरिकेने अपंग मुलांच्या शिक्षणाचा जो कायदा केला, त्याने योग्य आणि विनामूल्य शिक्षणाचे बंधन सरकारी शाळांवर घातले. आईवडिलांनी स्वखुशीने खासगी किंवा धार्मिक शाळेत घातलेल्या मुलाला त्या कायद्याने तसा वैयक्तिक हक्क मिळत नाही. सरकारी शिक्षण मंडळाने अशा मुलांनाही शोधून त्यांची तपासणी करावी, आणि केंद्राच्या निधीतील प्रमाणशीर वाटा त्यांच्यासाठी खर्चावा, इतकेच. अपंगांविरुद्धच्या भेदभावाला बंदी घालणारा १९९० चा जो मोठा कायदा आहे, त्याच्या सार्वजनिक सोयींविषयीच्या भागातून तर धार्मिक संस्थांना सूट आहे. म्हणजे कायद्याच्या नजरेने पाहिले तर सोपा मार्ग सरकारी शाळेचा आहे. तिथे मुलाला सारे मिळते. चर्चच्या शाळेत जे मिळेल ते मंडळीने मनावर घेतले तरच. म्हणूनच दोन भावंडे चर्चच्या शाळेत आणि तिसरे सरकारी शाळेच्या पिवळ्या बसमध्ये, हे दुःख तिथल्या ल्यूथरन आणि कॅथलिक घरांना सारखेच परिचित आहे. ज्या मंडळ्यांनी संसाधन कक्ष उघडले, त्यांनी कायद्याच्या धाकाने ते उघडलेले नाहीत. ज्या मुलाचा बाप्तिस्मा आमच्या चर्चमध्ये झाला, त्याला आमच्या शाळेत जागा नाही असे कोणत्या तोंडाने सांगायचे, या प्रश्नाने त्यांना झोप येऊ दिली नाही.

ल्यूथरन लोकांची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्याही पुष्कळ शाळांत अशी खोली नाही, आणि ‘आमच्याकडे सोय नाही’ हे वाक्य त्यांनाही चांगले पाठ आहे. त्याच डेट्रॉइटच्या परिसरात, रेडफर्ड येथे, एका ल्यूथरन शाळेतील शिक्षिका २००४ साली निद्राविकाराने आजारी पडली. बरी होऊन ती परत येऊ पाहत होती, तेव्हा मंडळीने तिला राजीनामा द्यायला सुचवले. तिने नकार दिला आणि कायदेशीर इलाजाची भाषा केली, तेव्हा तिला काढून टाकण्यात आले. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आपले धर्मसेवक कोण असावेत हे ठरवण्याच्या चर्चच्या अधिकारात न्यायालये ढवळाढवळ करू शकत नाहीत, असा एकमताचा निकाल २०१२ साली लागला. शाळा जिंकली. परंतु न्यायालयात जिंकलेली प्रत्येक गोष्ट शुभवर्तमानापुढे टिकते असे नाही. चर्चला मिळालेले स्वातंत्र्य दुबळ्याला जवळ घेण्यासाठी वापरायचे की दूर लोटण्यासाठी, हे चर्चनेच ठरवायचे असते. ही गोष्ट आपण अल्पसंख्याकांनी नीट ध्यानात ठेवावी. तिच्याकडे मी पुन्हा वळणार आहे.

अमेरिकेतील आपल्या कॅथलिक बांधवांनी या प्रश्नावर कमी सोसलेले नाही. चर्च आणि शासन यांची फारकत राखण्यासाठी, सरकारी पगारावरील शिक्षकांनी धार्मिक शाळेत जाऊन मागे पडलेल्या मुलांना शिकवू नये, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली दिला. परिणाम असा झाला की न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी कॅथलिक शाळांबाहेर रस्त्यावर वर्गवजा गाड्या उभ्या राहू लागल्या. मूल शाळेतून उठायचे, रस्त्यावरच्या गाडीत चढायचे, धडा घेऊन परत यायचे. १९९७ साली न्यायालयाने आपला तो निर्णय स्वतःच फिरवला. त्याआधी, १९९३ साली, ॲरिझोनातील टुसान येथील कॅथलिक माध्यमिक शाळेत शिकणाऱ्या जेम्स झोब्रेस्ट या कर्णबधिर मुलाच्या बाजूने निकाल लागला होता. त्याला सरकारी खर्चाने सांकेतिक भाषेचा दुभाषा देण्यात राज्यघटनेची आडकाठी नाही, असे पाच विरुद्ध चार मतांनी ठरले. निकाल लागेपर्यंत मुलाचे शालेय शिक्षण संपून गेले होते. दुभाष्याचा खर्च आईवडिलांनीच सोसला होता. रस्त्यावरच्या त्या गाड्यांचे चित्र माझ्या मनातून जात नाही. मदत आहे, शिक्षक आहे, पुस्तक आहे. पण सारे शाळेच्या भिंतीबाहेर. आपल्याकडे तर ती गाडीही नाही.

काही वाचकांच्या मनात एव्हाना प्रश्न आला असेल की आपण कॅथलिकांनी ल्यूथरच्या अनुयायांकडून धडे घ्यायचे का? दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर हा प्रश्न पडू नये. १९९९ साली आउग्सबुर्ग येथे ख्रिस्तसभेने आणि ल्यूथरन जागतिक महासंघाने नीतिमत्त्वाच्या तत्त्वावर संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. २०१६ साली पोप फ्रान्सिस स्वीडनमधील लुंड येथे त्यांच्याबरोबर प्रार्थनेला उभे राहिले. मिसुरी सिनड त्या महासंघात नाही, हेही सांगून टाकतो. शिवाय या विषयात ल्यूथरन लोकांना स्वतःच्या संस्थापकाचेच ओझे वाहावे लागले आहे. ल्यूथरच्या जेवणाच्या पंगतीतील संभाषणे त्याच्या सोबत्यांनी लिहून ठेवली आहेत. त्यांत डेसाऊ येथील एका अपंग मुलाचा उल्लेख येतो. त्या मुलाला आत्माच नाही, त्याला नदीत टाकून द्यावे, अशा आशयाचे उद्गार ल्यूथरच्या तोंडी नोंदवलेले आहेत. अशा वारशातून आलेल्या लोकांनी पुढे कर्णबधिरांची शाळा काढली आणि नंतर आपल्या नेहमीच्या शाळेची दारे उघडली. ज्यांच्या गुरूच्या नावावर असे शब्द आहेत त्यांना हे जमले. आपल्या वारशात तर तसे काही नाही. मग आपल्याला कोण अडवते आहे?

आपला वारसा कोणता, तो पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या १८८० च्या दशकात मुंबईत माझगाव येथे मूकबधिरांसाठी शाळा सुरू झाली. भारतातील ती या प्रकारची पहिली शाळा मानली जाते. ती स्थापन करणारे लिओ म्युरीन हे मुंबईचे कॅथलिक धर्माधिकारी होते. डेट्रॉइटनंतर जेमतेम दहा-बारा वर्षांनी आपण तेच काम याच मातीत केले होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली ख्रिस्ती शिक्षणावर जे निवेदन प्रसृत केले, त्यात विशेष काळजीची गरज असलेल्यांच्या शाळांचा स्पष्ट उल्लेख आहे; आणि संपत्तीने दरिद्री वा कुटुंबाच्या मायेला पारखे झालेल्यांकडे कॅथलिक शाळांनी सर्वप्रथम पाहावे असा आदेशही आहे. आपल्या कितीतरी धर्मभगिनींनी अशा मुलांसाठी आयुष्ये वेचली. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे.

परंतु त्यांच्या पुण्याईचा आपण कसा उपयोग करतो? एखादी आई आपल्या संथ मुलाला घेऊन धर्मग्रामाच्या शाळेत येते तेव्हा आपण म्हणतो, “बाई, सिस्टरांची खास शाळा आहे ना, तिकडे न्या.” ती शाळा कुठे, दोन गाड्या बदलून, तीही बहुधा गंभीर अक्षमतेच्या मुलांसाठी. या आईच्या मुलाला तर फक्त अक्षरे उलटी दिसतात! धर्मभगिनींची सेवा ही आपली सबब झाली आहे. त्यांनी दार उघडले म्हणून आपण आपले लावून घेतले. ल्यूथरन लोकांनी वळण घेतले ते नेमके याच ठिकाणी, आणि आपण नेमके याच ठिकाणी थांबलो.

आता नेहमीचे आक्षेप घेऊ. पहिला पैशाचा. ज्या धर्मग्रामात सणाच्या आधीच्या नऊ दिवसांची रोषणाई, बॅन्ड, मंडप आणि फटाके यांसाठी वर्गणी कमी पडत नाही, चर्चच्या सुस्थितीतील फरश्या उखडून ग्रॅनाइट बसवण्यासाठी दाते रांगेत उभे राहतात, तिथे एका शिक्षकाच्या पगाराला पैसे नाहीत हे मला पटत नाही. ग्रॅनाइटवर दात्याचे नाव कोरता येते, वाचायला शिकलेल्या मुलावर ते कोरता येत नाही. अडचण असलीच तर एवढीच आहे.

दुसरा आक्षेप वर्गसंख्येचा. हा खरा आहे. त्या ल्यूथरन शाळांचे वर्ग लहान असतात आणि आपल्याकडे एका वर्गात साठ-साठ मुले असतात. मी स्वतः साठांना शिकवले आहे, त्यामुळे वर्गशिक्षकाला दोष देण्याची माझी तयारी नाही. किंबहुना म्हणूनच दुसऱ्या शिक्षकाची गरज आहे. साठांच्या वर्गात मागे पडलेल्या चौघांना दिवसातून एक तासिका कुणी हाताशी घेतले, तर त्या चौघांबरोबर वर्गशिक्षकाचाही जीव सुटेल. असे शिक्षक मिळत नाहीत असेही नाही. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ सालचा आहे, आणि तिच्या मान्यतेने विशेष शिक्षकांचे प्रशिक्षण चालते. आपल्या समाजातील किती मुलींना आपण ती वाट दाखवली?

तिसरा आक्षेप उघडपणे कुणी बोलत नाही, तो निकालाचा आहे. टक्का घसरला तर प्रवेश कमी होतील, ही भीती. ही भीती खरी असेल, तर ती निर्माण कुणी केली? फाटकावर फलक आपणच लावला, वेदीजवळून अभिनंदन आपणच केले, आणि शेजारच्या शाळेचा टक्का आपणच विचारत फिरलो. पालकांनो, शाळेला जे कौतुक आपण देतो, तेच शाळा आपल्याला परत देते.

चौथी गोष्ट कायद्याची. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यातून अल्पसंख्याकांच्या शाळांना बाहेर ठेवले, तेव्हा आपण सुटकेचा नि:श्वास टाकला. घटनेच्या तिसाव्या कलमाने आपल्याला दिलेला अधिकार मोलाचा आहे, आणि तो राखलाच पाहिजे. पण रेडफर्डच्या त्या शाळेची आठवण इथे ठेवावी. कायद्याने सूट दिली की कर्तव्य संपते असे नाही. उलट आता जे करायचे ते केवळ विवेकाच्या हाकेने करायचे असते. आणि दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदाही विसरू नये. त्यात अध्ययन-अक्षमतेचा स्पष्ट समावेश आहे, आणि शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांत अशी मुले वेळीच ओळखली जावीत, त्यांना योग्य पद्धतीने शिकवले जावे, अशी तरतूद आहे. सरकारी निरीक्षक दारात येईपर्यंत ख्रिस्ती शाळेने वाट पाहावी काय?

हे अशक्य नाही. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ साली दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी संसाधन केंद्र सुरू झाले, तेही नेहमीच्या महाविद्यालयाच्या आवारात. जे येशूसंघीयांना महाविद्यालयात जमले, ते वसईच्या किनाऱ्यापासून संगमनेर-श्रीरामपूरपर्यंतच्या धर्मग्रामांना शाळेत लहान प्रमाणावर जमू शकेल.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत, आणि त्या धर्मग्राम परिषदांनी येत्या बैठकीत विषयपत्रिकेवर घ्याव्यात. एक, शेजारच्या तीन धर्मग्रामांनी मिळून एक प्रशिक्षित विशेष शिक्षक नेमावा आणि प्रत्येक शाळेने त्यासाठी एक खोली मोकळी करावी. अडगळीची खोली प्रत्येक शाळेत असते, तिथूनच आरंभ होऊ द्या. दोन, आठवी-नववीतील कोणत्याही मुलाचा दाखला, त्याची अध्ययन-अक्षमतेची तपासणी झाल्याशिवाय आणि आईवडिलांना परीक्षेतील सवलती समजावून सांगितल्याशिवाय, शाळेने आपणहून काढू नये. तीन, निकालाच्या फलकावर यापुढे आणखी एक आकडा लिहावा: दहा वर्षांपूर्वी पहिलीत किती मुले आली होती आणि त्यांतील किती दहावीपर्यंत पोहोचली. तो आकडा लिहिण्याचे धैर्य ज्या शाळेत असेल, तिचे अभिनंदन वेदीवरून खुशाल व्हावे.

‘तारे जमीन पर’ हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा आपण सारे सहकुटुंब पाहून आलो आणि अंधारात डोळे पुसले. दुसऱ्या दिवशी शाळा भरली, आणि त्याच वर्षी नववीतून दाखलेही निघाले. पडद्यावरच्या मुलासाठी रडणे सोपे आहे. त्याला आपल्या वर्गात बाक द्यावा लागत नाही.

माझा तो विद्यार्थी आता चाळिशीकडे झुकला आहे. पंप दुरुस्त करतो, संसार नीट चालवतो. रविवारी मिस्साला तो मागे, दाराजवळ उभा असतो. वाचन करण्यासाठी किंवा प्रार्थना म्हणण्यासाठी नावे मागितली जातात तेव्हा तो बाहेर पायरीवर जातो. मी दिसलो की मात्र हात जोडून “नमस्कार, सर” म्हणतो. गेल्या वर्षी त्याने आपल्या मुलाला आमच्याच शाळेत पहिलीत घातले. मुलगा वाचताना अडखळतो, असे त्याने मला हलक्या आवाजात सांगितले आणि विचारले, “सर, तुम्ही काय म्हणाल?”

एकदा मी त्याच्या वडिलांना उत्तर दिले होते. आता तेच उत्तर पुन्हा द्यायची माझी तयारी नाही. पण दुसरे उत्तर मी एकटा देऊ शकत नाही. ते आपल्या धर्मग्रामाला द्यावे लागेल.